वैशाख कोणत्या सालातला

सनावळीत माझी चूक होत नाही, हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलं आहे की आता नुसतं आठवलं तरी कान गरम होतात. भोपाळला पिपलानीतल्या एका शाळेत मी तीस वर्षं इतिहास शिकवला. पेपरात कुणी एका सालाचाही घोळ केला तर मी त्या प्रश्नाचे सगळे मार्क कापायची. सहकारी शिक्षिका पाठीमागे मला पंचांग म्हणायच्या. ते कानावर आलं तेव्हा मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

आमच्या मागच्या गल्लीत एक वयस्कर गृहस्थ राहायचे. कारखान्याच्या टूलरूममध्ये सगळी नोकरी झालेली. धर्म ख्रिश्चन, आडनाव आयरिश, रंग तुमच्याआमच्यासारखा गव्हाळ. बायको नागपूरची मराठी होती, ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्यामुळे ते मराठी बोलायचे, पण त्यात नागपुरी आणि भोपाळची हिंदी यांचं कालवण असायचं. त्यांची एकुलती मुलगी माझी विद्यार्थिनी. ती आता त्याच कारखान्यात नोकरीला होती आणि क्वार्टर तिच्याच नावावर मिळालेलं होतं. सगळी कॉलनी त्यांना अंकल म्हणायची, मीही म्हणायची. कारखान्यात मात्र त्यांना लाटसाहेब म्हणत आणि ते काही मायेनं ठेवलेलं नाव नव्हतं.

त्याचं कारण असं की ॲप्रेंटिस असताना त्यांनी एकदा कँटीनमध्ये बोलून टाकलं होतं की आपण आयर्लंडच्या एका लॉर्डाचे वंशज आहोत. झालं, पुढची सगळी नोकरी त्यांना ते पुरलं. लोखंड घासताना फाइल नीट चालली नाही की लाटसाहेब, डबा आणला नाही की लाटसाहेब. एकानं तर कँटीनमध्येच तोंडावर विचारलं होतं की लॉर्डानं ठेवलेल्या बाईची औलाद म्हणजेच ना. त्या दिवशी अंकलनी त्याच्या थोबाडीत मारली आणि आठ दिवस घरी बसले. हे मला त्यांच्या मुलीनं सांगितलं. ते स्वतः हा विषय कधी काढत नसत.

ती लॉर्डकी नेमकी काय होती ते मला नंतर समजलं, आणि इतिहासाची बाई म्हणून मला त्याची मोठी गंमत वाटली. आयर्लंडला पूर्वी स्वतःची संसद होती. ती मोडून लंडनच्या संसदेत विरघळवून टाकायचं इंग्रजांनी ठरवलं, तेव्हा तिथल्या जमीनदारांची मतं फिरवायला त्यांनी लॉर्डाच्या पदव्या अक्षरशः वाटल्या. अंकलच्या घराण्याचा मूळ पुरुष असाच. संसदेत तो ठराव पहिल्या वेळेला आला तेव्हा विरोधात बोलला, मग मधल्या काळात कुणीतरी त्याच्याशी बोललं आणि दुसऱ्या वेळेला त्यानं बाजूनं मत दिलं. त्याच्या जमिनीत निम्मी दलदल आणि निम्म्यात मेंढरं. पण सनदेत लिहून मिळालं की ही पदवी त्याला आणि त्याच्या औरस पुत्रपौत्रांना वंशपरंपरा चालेल. मुलींना नाही, आणि लग्नाआधी झालेल्या मुलाला तर नाहीच. पुढे आईबापांनी लग्न केलं तरी नाही.

थोरल्या मुलाच्या शाखेत पदवी चालत राहिली. एकानं मोठा वाडा बांधला, दुसऱ्यानं तो गहाण टाकला, दुष्काळात कुळं मेली नाहीतर अमेरिकेला गेली आणि शेवटचा लॉर्ड मुलगा नसताना वारला. मूळ पुरुषाच्या धाकट्या मुलाची शाखा शोधायला कुणी गेलं नाही, त्यामुळे पदवी बुडालीही नाही आणि कुणाला मिळालीही नाही. अशा पदवीला तिकडे झोपलेली म्हणतात. तिच्याबरोबर आता घर नाही, जमीन नाही, संसदेत जागा नाही. लंडनच्या एका कार्यालयात एक यादी असते, तिच्यात नाव चढतं, बस.

तो धाकटा मुलगा म्हणजे अंकलचा खापरपणजोबा. बापाशी भांडून तो हिंदुस्थानात आला आणि ग्वाल्हेरच्या फौजेत अधिकारी झाला. तिथल्याच एका बाईबरोबर राहिला. त्यांना एक मुलगा झाला, तो अंकलचा पणजोबा. त्या मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद एका छावणीतल्या चर्चच्या वहीत सापडली होती, तिच्यात जन्मतारीखही होती. लग्नाची नोंद मात्र कुठेच नव्हती. लग्न झालं होतं, फिरतीवरच्या पाद्र्यानं लावलं होतं, एवढं घरात तोंडोतोंडी चालत आलेलं. त्या पाद्र्याच्या वह्यांचा पत्ता नव्हता.

अंकलकडे एक कागद होता. आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून त्यांच्याकडे आलेला, कापडात गुंडाळलेला. तो कुणालाच वाचता येत नव्हता. त्यांनी जुन्या शहरातल्या एका मौलवींना दाखवला, ते म्हणाले ही उर्दू नाही. एका शास्त्रीबुवांना दाखवला, ते म्हणाले हे संस्कृत नाही. मग तो तसाच कपाटात राहिला. आणि मी लागूनच्याच गल्लीत राहत होते. माझे वडील ग्वाल्हेरचे, त्यांनी मला लहानपणी मोडी शिकवली होती आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी दरवर्षी मोडीतून स्वागताचा फलक लिहायची. मुलीला ते एकदा अचानक आठवलं आणि त्या हिवाळ्यात ती वडिलांना घेऊन माझ्याकडे आली.

मी कागद उघडला. स्वच्छ, वळणदार मोडी होती. दरबारातून निघालेलं पत्र. फौजेतल्या अमुक साहेबाचं लग्न, पाद्री छावणीतून आला आहे, सबब साहेबास पोशाख आणि त्याच्या बायकोस लुगडं-चोळी व साखर पाठवावी. खाली वैशाखातली तिथी आणि सुहूर सनाचं साल. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बायकोस या शब्दाशी आल्यावर अंकलनी मला थांबवलं आणि तेवढंच परत वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो रुमालानं पुसत बसले.

मग राहिला सालाचा हिशोब. सुहूर सन म्हणजे मराठी राज्यांत कागदोपत्री चालणारं साल. त्यात पाचशे नव्याण्णव मिळवले की इंग्रजी साल निघतं, ते मला वडिलांनी परवच्यासारखं पाठ करून घेतलं होतं. मी मिळवले. लग्न वैशाखात, आणि चर्चच्या वहीप्रमाणे मुलाचा जन्म पुढच्या फेब्रुवारीतला. मी बोटांवर मोजलं आणि हसून म्हटलं, अंकल, नऊ महिने बरोबर. मुलगी लाजली. अंकल उठले, माझ्यापुढे हात जोडले आणि घरी गेले.

त्यानंतरचे तीन महिने त्या घरात जे चाललं ते पाहून मला माझाच अभिमान वाटायचा. अंकलचं हृदय आधीच थकलेलं होतं, पायांवर सूज होती, जेवण तुटलं होतं. ते दोन पोळ्या खायला लागले. लॉर्ड सहीत फक्त पदवीचं नाव लिहितो, नाव-आडनाव नाही, हे त्यांना कळलं तेव्हा जुन्या ड्रॉइंगच्या कागदांच्या मागे ते त्या सहीचा सराव करायचे. लॉर्डाच्या मुलीला नावाआधी एक मानाचा शब्द लावता येतो, तो त्यांनी मुलीला सांगितला. ती म्हणाली की हजेरीच्या मशीनमध्ये तो बसणार नाही. ते खूप हसले. मी गेले की उठून उभे राहायचे, मी कितीही नको म्हटलं तरी. माझ्यापुढे कुणी असं उभं राहिलेलं मला आवडत होतं.

डब्लिनमधल्या वंशावळी शोधणाऱ्या एक बाई हे काम पाहत होत्या, मुलीनंच त्यांना ते दिलं होतं. त्यांच्याशी मुलगी ईमेलवर बोलायची. कागदाची छायाचित्रं आणि माझं भाषांतर त्यांना पाठवलं तेव्हा त्यांचं उत्तर एका दिवसात आलं. हीच कडी हवी होती, असं त्यांनी लिहिलं होतं. आता फक्त भाषांतर करणाऱ्याचं शपथपत्र हवं, त्यात ही कालगणना कशी चालते ते परक्या माणसाला समजेल असं लिहावं, की अर्ज लंडनला दाखल करता येईल. निकालाला वर्षंही लागतील, पण अर्ज दाखल झाला की तशी पोच मिळेल. अंकलना निकालाची आशा नव्हतीच. त्यांना पोच हवी होती. आपण दावा केला आणि तो कुणीतरी कागदावर घेतला, एवढं त्यांना मरायच्या आधी पाहायचं होतं.

मार्चच्या शेवटी ते एकदम खालावले. हॉस्पिटलमध्ये आठ दिवस ठेवून डॉक्टरांनी घरी पाठवलं आणि मुलीला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार तर महिना. तिनं ते मला फाटकाशी उभं राहून सांगितलं. शपथपत्राची घाई करा, असंही म्हणाली. मी दुसऱ्याच दिवशी गोविंदपुऱ्यातल्या नोटरीकडे जायचं ठरवलं आणि त्या दुपारी मसुदा लिहायला बसले.

मला पहिलंच वाक्य कालगणनेवर लिहायचं होतं. मी लिहिलं, हे साल मृग नक्षत्रापासून सुरू होतं. ते लिहिलं आणि पेन थांबलं. मृग म्हणजे जूनची सुरुवात. साल जूनमध्ये सुरू होत असेल तर वैशाख त्या सालाच्या आरंभी येत नाही, शेवटी येतो. पाचशे नव्याण्णव मिळवायचे ते मृगापासून डिसेंबरपर्यंत. जानेवारीपासून मृगापर्यंतच्या महिन्यांना सहाशे मिळवायचे. वडिलांनी हेसुद्धा परवच्यासारखंच पाठ करून घेतलं होतं. पण आपलं वर्ष पाडव्याला सुरू होतं. वैशाख म्हटला की माझ्या डोक्यात वर्षाचा दुसरा महिना येतो, जन्मापासून येत आला आहे, आणि त्या आनंदाच्या भरात मी तो तसाच धरला होता. कुठलाही मराठी माणूस घसरेल अशी जागा, म्हणूनच वडिलांनी तिथे मला दोनदा छडी मारली होती.

मी पुन्हा मोजलं, पुन्हा मोजलं, शेवटी जंत्री काढून पाहिलं. लग्न एक वर्ष पुढे गेलं. मुलगा फेब्रुवारीत झाला होता आणि लग्न त्यानंतरच्या वैशाखात. पोर तीन महिन्यांचं असताना. म्हणजे ती बाई साहेबाची लग्नाची बायको होती, हे खरं. पण अंकलचा पणजोबा औरस नव्हता, आणि सनदेप्रमाणे पदवी त्याच्याकडे आलीच नव्हती, कधीच आली नव्हती.

मी त्याच पावली त्यांच्याकडे गेले. दार मुलीनं उघडलं. मी तिला ओट्यापाशी सगळं सांगितलं. ती हुशार होती, पहिल्या दोन वाक्यांतच तिला समजलं. तिनं गॅस बंद केला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, शपथपत्र करूच नका. खोटं लिहा असं मी बोलत नाहीये. पप्पांना फक्त सांगा की नोटरी गावाला गेलाय, पुढच्या महिन्यात येईल. बास."

आज हे लिहिताना मला त्यात काही वावगं दिसत नाही. खोटी शपथ नाही, खोटा अर्ज नाही. एक नोटरी गावाला पाठवायचा होता. पण तेव्हा मी तिलाच ऐकवलं की ज्या माणसानं आयुष्यभर खऱ्यासाठी टोमणे खाल्ले त्याला शेवटी फसवायचं का. माझा आवाज वर्गातला झाला होता. ती बाजूला झाली.

अंकल उशांना टेकून बसले होते. मी खुर्ची ओढली आणि नीट, पायरीपायरीनं समजावून सांगितलं. मृग कधी, पाडवा कधी, पाचशे नव्याण्णव कुठे आणि सहाशे कुठे. कागदावर आडवी रेघ ओढून महिने मांडून दाखवले. त्यांनी टूलरूममध्ये दिवस काढले होते, माप त्यांना लगेच समजायचं. माझं बोट रेघेवरून सरकत वैशाखावर आलं तेव्हा त्यांनी मान हलवली. मी म्हटलं की लग्न तर झालंच होतं, त्यात शंका नाही, दरबारानं बायको म्हटलं आहे.

"तीन महिन्यांचं पोर कडेवर घेऊन," ते म्हणाले. "म्हणजे कँटीनमधला तो बरोबर बोलत होता."

मी म्हटलं तसं नाही, अगदी तसं नाही. त्यांनी ते ऐकलं की नाही मला सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं की ही चूक तिकडे कुणी पकडली असती का. मी म्हटलं, अर्ज तपासताना कुणीतरी पकडलीच असती. त्यांनी विचारलं, किती दिवसांत. मी म्हटलं, वर्ष, दोन वर्षं.

"माझ्याकडे तर महिना आहे मॅडम. डॉक्टर पोरीला बोलला, ते मी ऐकलं. एक महिना तुम्ही थांबून नसत्या राहिल्या का?"

मी माफी मागितली. ते म्हणाले, जाऊ द्या, तुम्ही दमल्या असाल, घरी जा. त्या दिवशी मी निघताना ते उठायचा प्रयत्न करत नव्हते, हे माझ्या लक्षात आलं आणि मला त्याचं वाईट वाटलं. त्या वेळीही मला माझंच वाईट वाटत होतं.

ते त्यानंतर एकोणीस दिवस होते. पोळी दुसऱ्या दिवशीच बंद झाली, मग दूधही. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा ते भिंतीकडे तोंड करून पडलेले होते आणि मुलगी म्हणाली की झोप लागली आहे. ती झोप नव्हती. खांदे जागे दिसत होते. डब्लिनच्या बाईंना मी स्वतः दुरुस्ती कळवली. त्यांनी फाइल बंद केल्याचं कळवलं, आणि माझ्यासारखा प्रामाणिक वाचक या कामात क्वचित भेटतो असं लिहिलं. ती ईमेल मी दोनदा वाचली. तेव्हा अंकल जिवंत होते.

दफन झाल्यावर आठवड्यानं मी त्यांच्या घरी गेले. मुलगी बाहेरच्या खोलीत कपडे घडी करत होती, वडिलांचे. सराव केलेल्या सह्यांचे कागद तिनं रद्दीत टाकले होते. ती माझ्याशी चांगलीच बोलली, चहा ठेवला. मग विचारलं की त्या डब्लिनच्या मॅडमना मोडी येत होती का. मी म्हटलं नाही. लंडनच्या ऑफिसात कुणाला येत असेल? मी म्हटलं, शक्यता कमी, त्यांनी कुणाला तरी विचारलं असतं. कुणाला, तिनं विचारलं. त्यांनी बहुतेक मलाच विचारलं असतं, हे तेव्हा मला दिसलं.

मी खऱ्यासाठी गेले नव्हते. हे मला त्या खोलीत बसून कळलं आणि तेव्हापासून मी ते स्वतःपासून लपवू शकले नाही. कधीतरी कुठेतरी कुणीतरी माझं साल चुकलं म्हणेल, या भीतीनं मी त्या दुपारी चप्पल घालून धावले होते. माझ्या उत्तरपत्रिकेवर लाल खूण नको म्हणून मी एका मरणाऱ्या माणसाच्या हातातून त्याचा महिना काढून घेतला. आणि वर त्याला खऱ्याचं नाव दिलं.

मी हे तिला सांगायला तोंड उघडलं. तिनं घडी केलेला शर्ट बाजूला ठेवला.

"मॅडम, मी तुम्हाला वाईट बोलणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही मला शिकवलं आहे. फक्त आता इथे येत नका जाऊ."

मी चहा पूर्ण प्यायले, कारण अर्धा टाकून उठणं बरं दिसलं नसतं. आता मी बसस्टॉपला त्यांच्या घरावरून जात नाही, पुढच्या गल्लीनं जाते.